कोंबू नका, पेटू द्या

लाकूड विकत घ्यायची ऐपत आणि ते जाळायची अक्कल यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. खात्री करून घ्यायची असेल तर जानेवारीत न्यू हॅम्पशायरला, आमच्या मराठी मंडळींकडे जेवायला या. बाहेर उणे पंधरा. आत जुन्या विटांच्या फायरप्लेसच्या पोटात बसवलेला, काचेच्या दाराचा नवाकोरा इन्सर्ट. त्याच्यापुढे यजमान उकिडवे, हातात लोखंडी चिमटा, चेहऱ्यावर सोमयाजीचं तेज. काच काळीमिट्ट. त्या काळोखात कुठेतरी एक लालसर ठिपका जीव मुठीत धरून बसलेला. आणि यजमान म्हणतात, "थांबा, अजून दोन टाकतो, मग बघा कसा पेटतो!"

नाही पेटत. आत आधीच पाच तुकडे कोंबलेले असतात आणि पाचही ओले असतात.

या गृहस्थांनी कॉलेजात थर्मोडायनॅमिक्सचा पेपर दिलेला असतो, बहुधा चांगल्या मार्कांनी. चुलीपुढे बसून चहाचं आधण मात्र कधी ठेवलेलं नसतं, ते घरातल्या बायकांचं काम. ज्या आजीच्या डोळ्यांतून धुरानं पाणी वाहायचं तिला यांनी कधी फुंकणीसुद्धा उचलून दिली नाही. आता काही हजार डॉलर मोजून त्याच धुरापुढे बसतात, फोटो काढतात आणि 'आगीची ऊब काही वेगळीच' म्हणून वर आम्हालाच ऐकवतात. असेल वेगळी. पण त्यासाठी आधी आग लागावी लागते. हे जे काचेमागे चाललंय त्याला धुमसणं म्हणतात.

माझा राग लाकूड जाळण्यावर नाही. मीही जाळते, हौसेनं जाळते. वादळात वीज गेली की इथे दुसरा आधारही नसतो. राग आहे तो या समजुतीवर की ऊब लाकडातून येते, म्हणून जितकं जास्त लाकूड तितकी जास्त ऊब. ज्वाळा दिसते ती लाकडातून सुटणाऱ्या वायूंची. लाकूड तापलं की त्याच्या कोरड्या वजनाचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही मोठा भाग वायू होऊन बाहेर पडतो. ते वायू नीट पेटायला साधारण 600 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, आणि मुबलक हवा लागते. दोन्ही मिळालं तर ती ऊब. नाही मिळालं तर तोच ऐवज धूर होऊन वर जातो, वाटेत धुराड्याच्या थंड भिंतींवर डांबरासारखा चिकटतो आणि उरलेला शेजाऱ्याच्या खिडकीतून आत शिरतो. पैसे तुमचे, दमा त्याचा.

चूल यापेक्षा भोळी होती. लांबलचक लाकूड तोंडाशी धरायचं, टोक जळेल तसं आत सारायचं, भात शिजत आला की मागे ओढायचं, वैलावर आमटी गरम राहू द्यायची. तोंड उघडं, हवा मोकळी, आणि लाकूड किती द्यायचं ते बाईच्या हातात. चुकलं तर पुढच्याच मिनिटाला ओढून काढता यायचं. धूर व्हायचा, भरपूर व्हायचा, आणि त्याची किंमत तिच्या फुप्फुसांनी मोजली. चुलीचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनी हे विसरू नये. इन्सर्टमध्ये सगळं उलट आहे. लाकूड एकदाच भरायचं, दार लावायचं, आणि मग हातात उरते फक्त हवेची एक दांडी. चुलीत लाकूड मोजून दिलं जायचं, इथे हवा मोजून दिली जाते. एकदा दार लागलं की पुढचे पाच-सहा तास तुम्ही आत जे रचलंय तेच भोगायचं असतं. म्हणून रचना महत्त्वाची. आणि नेमकी तीच कुणाला शिकावीशी वाटत नाही, कारण 'लाकूड टाकण्यात शिकायचंय काय?'

आधी ओलाव्याचं बघू, कारण तिथेच निम्मी मंडळी गारद होतात. इथे लाकूड 'कॉर्ड'नं विकतात. चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी नीट रचलेली रास, म्हणजे 128 घनफूट. ऑक्टोबरात ट्रक येतो, विकणारा छातीठोकपणे 'सीझन्ड', वाळवलेलं, म्हणून सांगतो, आणि आमचे लोक मान डोलावतात. हे 'सीझन्ड' म्हणजे बऱ्याचदा एवढंच की झाड एखादा सीझन आडवं पडून होतं, अख्खंच्या अख्खं, सालीसकट. लाकूड वाळतं ते फोडल्यावर, जमिनीपासून उचलून, वाऱ्याला लावून ठेवल्यावर. ओकला तर दोन उन्हाळे लागतात. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय लाकूड जाळू नये असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए घसा कोरडा करून सांगते. इंग्लंडनं 2021 पासून कमी मापात विकल्या जाणाऱ्या ओल्या लाकडावर बंदीच घातली. ओलावा मोजायचं मीटर वीस-तीस डॉलरला मिळतं. ते बाहेरच्या सालीवर टेकवून 'सोळा टक्के!' असं ओरडायचं नसतं. तुकडा ताजा फोडायचा आणि आतल्या कोऱ्या अंगात टोकं रुतवायची. तिथे तीस दिसतात आणि यजमानांचा चेहरा उतरतो.

इथे इंजिनिअर मंडळी एक हिशेब मांडतात आणि त्यावर खूश होतात, तोही ऐका. ताज्या तोडलेल्या 10 किलो ओकमध्ये 4 किलो पाणी सहज असतं. ते तापवून त्याची वाफ करायला साधारण 10 मेगाज्यूल लागतात. उरलेल्या 6 किलो कोरड्या लाकडात 110 मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा. म्हणजे चोरी जेमतेम दहा टक्क्यांची, एवढं तर चालतंय! नाही चालत. पाण्याचं खरं पाप त्या दहा टक्क्यांत नाहीच. ते पाणी उकळत असतं तोवर भट्टी गार राहते, 600 अंशांच्या जवळपासही जात नाही, आणि लाकडातला ज्वलनशील वायू न पेटताच निसटतो. चोर घरातलं काय घेऊन गेला त्यापेक्षा जाताना दार सताड उघडं टाकून गेला, हे जास्त महाग पडतं. 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' ही आपली म्हण अन्यायाबद्दल आहे, लाकडं भरण्याची सूचना म्हणून नाही.

आणि पाइनची बदनामी बंद करा. 'पाइन जाळू नका, धुराड्यात राळ साचते' असं इथला प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो, कारण त्याला तिसऱ्यानं सांगितलेलं असतं. धुराड्यात साचतं ते ओल्या लाकडाच्या अर्धवट जळण्यानं. खडखडीत वाळलेला पाइन ओल्या ओकपेक्षा हजारपट बरा. वजनाला वजन धरलं तर सगळ्या वाळलेल्या लाकडांत ऊर्जा जवळपास सारखीच असते. ओक जास्त दाट, म्हणून एका रचणीत जास्त वेळ टिकतो, एवढंच. पेटवायला पाइन घ्या, रात्रीला ओक किंवा मेपल. जात पाहून लाकडाची पत ठरवायची सवय निदान इथे तरी सोडा.

आता रचनेचं. इन्सर्ट जुन्या फायरप्लेसच्या खाचेत बसवायचा असतो, म्हणून तो बहुधा रुंद आणि उथळ असतो. बाजारात लाकूड सर्रास 16 इंची कापलेलं मिळतं. ते उथळ भट्टीत काचेला समांतर, आडवंच बसतं. इथले लोक याला 'ईस्ट-वेस्ट' म्हणतात, आणि टोक काचेकडे करून ठेवलं तर 'नॉर्थ-साउथ'; घराचं तोंड कुठे का असेना. दोन्हीत फरक आहे आणि तो मोठा आहे. हवा पुढून येते, काचेवरून खाली उतरते आणि तळाशी मागे वळते. लाकडं नॉर्थ-साउथ ठेवली तर त्यांच्यामधल्या फटींतून ती सरळ मागपर्यंत जाते. आग लवकर धरते, जोमानं जळते, आणि एखादं लाकूड ढासळलं तरी शेजारच्या लाकडावर टेकतं. ईस्ट-वेस्ट ठेवली तर पुढचं लाकूड भिंत होऊन उभं राहतं. आग हळू चालते, जास्त वेळ टिकते, पण रास उंच झाली की वरचा तुकडा गडगडत येऊन काचेवर आदळतो. दार उघडावं तर पेटता ओंडका थेट गालिच्यावर. म्हणून आडवी रचणी करायची तर बुटकी करा आणि काचेपासून दोन-तीन इंच मागे ठेवा. भट्टीची खोली परवानगी देत असेल तर लाकूडवाल्याला 12 किंवा 14 इंची कापून मागा. थोडे जास्त पैसे घेईल. द्या. नॉर्थ-साउथची सोय त्या पैशांच्या वर आहे.

दुसरी गोष्ट निखाऱ्यांची. आमचे यजमान निखारे सगळीकडे सारखे पसरतात, आणि वर ओंडके आडवे टाकून त्यांचा श्वास कोंडतात. निखारे पुढे ओढायचे, दाराजवळ, जिथे हवा आत येते. बऱ्याच इन्सर्टमध्ये उंबऱ्यापाशी मधोमध हवेचं एक छोटं भोक असतं. निखाऱ्यांवर फुंकर घालायला कंपनीनंच बसवलेली फुंकणी ती. त्याच्या तोंडावर ओंडका ठेवणाऱ्याला काय म्हणावं? मोठी लाकडं मागे, निखाऱ्यांच्या पलीकडे. मग आग पुढून मागे सावकाश चालत जाते, एकदम सगळं धडाडत नाही. राख पूर्ण खरवडून काढायची नाही, इंचभर थर राहू द्यायचा. निखारे त्यात टिकतात. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घरापासून लांब. लाकडी डेकवर ठेवलेल्या राखेत निखारा दिवसच्या दिवस जिवंत असतो, आणि डेक जळण्याच्या दृष्टीनं उत्तम वाळलेला असतो.

तिसरी गोष्ट, एकटं लाकूड जळत नाही. 'आत्ता जरासंच हवंय' म्हणून एकच ओंडका ठेवणाऱ्यांचं आणि सात कोंबणाऱ्यांचं अज्ञान एकाच जातीचं. लाकडं एकमेकांकडे तोंड करून, एकमेकांना तापवत जळतात. दोन किंवा तीन, मध्ये बोटभर फट, म्हणजे समोरासमोरचे पृष्ठभाग धगधगीत राहतात. एकट्या ओंडक्याची धग चारी दिशांना निघून जाते आणि तो काळा पडून झोपतो. उलट टोकाला, भट्टीच्या छतापर्यंत रचलं तर छताखाली भोकं पाडलेल्या ज्या पोलादी नळ्या असतात त्या झाकल्या जातात. त्या शोभेच्या नाहीत. उरलेला धूर पेटवायला तापलेली हवा तिथूनच येते, आणि नीट चाललं असेल तर वरच्या बाजूला ज्वाळा तरंगताना दिसतात. ओंडका ढोसताना त्या नळ्यांवरची फळी फोडली की ती नवी घ्यावी लागते, आणि तिची किंमत ऐकून मग ऊब चांगलीच जाणवते.

सालीवरून वाद घालायचाच असेल तर तोही खुशाल घाला. नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीनं फेब्रुवारी 2013 मध्ये लाकडावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला, त्यात कितीतरी तास नुसती फायरप्लेसमधली आग. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या: निम्म्यांच्या मते लाकडांची साल वर हवी, निम्म्यांच्या मते खाली. त्या देशाला या विषयावर भांडायचा अधिकार आहे, लाकूड तरी कोरडं असतं.

भरून झालं की दांडी पूर्ण उघडी. नवं लाकूड बाहेरून चांगलं काळं पडून पेटेपर्यंत तशीच ठेवायची. मग टप्प्याटप्प्यानं कमी, प्रत्येक टप्प्याला ज्वाळा जिवंत आहेत ना ते बघून. आमचे लोक लाकूड टाकतात, दार लावतात आणि त्याच मिनिटाला दांडी बंद करतात, 'रात्रभर टिकायला हवं ना!' या रात्रभराच्या हव्यासानं जितकी धुराडी जळाली असतील तितके दारूनं संसारही जळाले नसतील. मध्यम आकाराचा इन्सर्ट पहाटेपर्यंत ज्वाळा देत नाही. निखारे देतो. सकाळी ते पुढे ओढून, दोन ढलप्या टाकून पाच मिनिटांत आग उभी राहते, तेवढं पुरे. काही इन्सर्टना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, ते खरोखर मंद आणि तरी स्वच्छ जळतात. तुमचा तसा आहे का, हे आधी माहितीपुस्तकात बघा. ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतच असेल.

धुमसलेल्या रात्रींचं काळं, चकचकीत किटण धुराड्यात साचतं. एखाद्या थंड रात्री, नेमकी आग जोरात लागलेली असताना, ते आतून पेट घेतं. धुराड्यातल्या आगीचं तापमान हजार अंशांच्या वर जातं, मातीच्या नळ्या तडकतात आणि पलीकडे घराची लाकडी चौकट असते. तिकडे काच काळी झाली म्हणून स्प्रे मारून पुसणारे यजमान आहेतच. काच काळी होणं हा निरोप आहे. तो पुसून काढणाऱ्याला तो वाचता येत नाही.

आणि ते धुराडं तरी कसं? फायरप्लेस ही गोष्ट मुळातच उष्णता बाहेर घालवणारी, हे अमेरिकेला अडीचशेहून जास्त वर्षं माहीत आहे. बेंजामिन फ्रँकलिननं 1744 मध्ये पुस्तिका काढून आपल्या लोखंडी शेगडीचा प्रचार केला. बेंजामिन थॉम्पसन नावाचा दुसरा एक खटपट्या आमच्या न्यू हॅम्पशायरच्याच कॉंकर्डला राहिला, श्रीमंत विधवेशी लग्न केलं, स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांची बाजू घेऊन पळाला आणि बव्हेरियात जाऊन काउंट झाला. उपाधीला नाव घेतलं रम्फर्ड, म्हणजे कॉंकर्डचंच जुनं नाव. त्यानं 1790च्या दशकात फायरप्लेस उथळ केली, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या, धुराड्याचा गळा आवळला, आणि खोलीत ऊब राहू लागली. माणूस बदमाश, पण हवेचं गणित पक्कं. इन्सर्ट हा त्याच गणिताचा पुढचा भाग. त्याला वरच्या टोकापर्यंत पोचणारी पोलादी नळी लागते. ती न टाकता नुसता इन्सर्ट खाचेत ढकलून देणारे कारागीर अजून आहेत आणि स्वस्तात पडतं म्हणून त्यांना काम देणारे आपले लोकही आहेत. रुंद, थंड धुराड्यात धूर रेंगाळतो, ओढ लागत नाही, किटण दुप्पट. हजार डॉलर वाचवले म्हणून पार्टीत सांगतात.

"अहो, पण आमचा ईपीए सर्टिफाइड आहे." हो, आहे. मे 2020 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या लाकूड-शेगड्यांना तासाला 2 ग्रॅमपेक्षा जास्त सूक्ष्म कण सोडता येत नाहीत. साध्या फोडलेल्या लाकडावर चाचणी घेतली असेल तर अडीच. तो आकडा प्रयोगशाळेतला, मोजून वाळवलेल्या लाकडाचा, मापानं रचलेल्या भरणीचा. सरकारनं शेगडीची परीक्षा घेतली, तुमची घेतली नाही. अलास्कात फेअरबँक्सच्या शेजारी 'नॉर्थ पोल' नावाचं गाव आहे, सांताक्लॉजच्या नावावर पर्यटन चालवतं. हिवाळ्यात थंड हवा तिथे झाकण घातल्यासारखी बसते आणि लाकडाच्या धुरामुळे तो सगळा परिसर देशातल्या सर्वांत वाईट हिवाळी हवेच्या यादीत गेला. आजूबाजूला मैलोन्मैल जंगल, आणि नाताळच्या गावात श्वास घ्यायला त्रास. लाकूड नैसर्गिक आहे म्हणून त्याचा धूर सात्त्विक होत नाही. आपल्या आयांना हे उज्ज्वला योजना 2016 मध्ये निघण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा पुढच्या जेवणाला बोलवाल तेव्हा काच स्वच्छ दिसू द्या, नाहीतर थर्मोस्टॅट वाढवा आणि चिमटा खाली ठेवा. धुराडं वर्षातून एकदा तपासून घ्या, उन्हाळ्यात, नोव्हेंबरात सगळे धावतात तेव्हा नव्हे. आणि ओकच जाळायचा हट्ट असेल तर लाकूड आत्ता घ्या, फोडून रचा, वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. या हिवाळ्यासाठी नाही, त्याच्या पुढच्याही नाही, त्यानंतरच्या.